शकू न सांगता गेली

संगणकांच्या वायटूके दुरुस्तीच्या कामासाठी आम्रपाली न्यू जर्सीला गेली तेव्हा तिची मुलगी तनू चौदा महिन्यांची होती. तीन वर्षांनी ती परतली, तर पोरगी तिला 'फोनवाली मम्मी' म्हणत होती आणि झोपताना शकूचा पदर मुठीत धरत होती. शकू मूळची वाघोलीची. घरात दुसरं कुणी नसल्यानं तनूला सांभाळायला ती आम्रपालीच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्येच राहिलेली.

आम्रपालीनं पंधरा दिवस सोसलं. मग तनू बालवाडीत असताना तिनं शकूला पिशवी भरायला सांगितलं.

"पोरीला सांगून तरी जाऊ द्या, ताई."

"नको. उगाच तमाशा होईल."

तनू रडली नाही. मोरीत, कपाटात, पलंगाखाली शोधून झाल्यावर तिनं लाटणं घेतलं आणि शोकेसची काच फोडली. दुसऱ्या दिवशी भरवणाऱ्या आईच्या बोटात हाडापर्यंत दात रोवले. बोलणं तर बंदच. तिसऱ्या आठवड्यात वेणी घालून घेताना कात्री उचलून आईच्या मांडीत खुपसली.

आम्रपालीनं कात्री उपटली आणि अशी एक ठेवून दिली की पोरगी भिंतीवर आपटली. ओठ फाटला, रक्त फ्रॉकवर ओघळलं. ती आईकडे बघतही नव्हती. दाराकडे बघत होती.

मांडीला सात टाके पडले, ओठाला दोन. आम्रपालीला आता स्वतःच्याच हाताची भीती वाटू लागली. रविवारी ती तनूला घेऊन वाघोलीला गेली.

शकू अंगणात धुणं धूत होती. तनूला बघताच ओले हात पसरून उठली. तनू धावली, पण वाटेत तिनं दगड उचलला. तो शकूच्या भुवईवर बसला. मग लाथा, नखं, चावे.

"गेलीस! मला न सांगता गेलीस!"

आम्रपाली ओढायला धावली, तशी शकू ओरडली, "हात लावू नका! बोलतीया ती. बोलू द्या."

डोळ्यात रक्त उतरत होतं, तरी ती तशीच खाली बसली. "व्हय बाई, गेले."

आम्रपालीला राहवलं नाही. "ती नाही गेली, तनू. मी घालवलं तिला."

तनू वळली. आईच्या दंडाला तिनं दात लावले ते काढलेच नाहीत. आम्रपालीनं हात मागे घेतला नाही.

सोमवारपासून शकू परत येऊ लागली. सकाळी यायची, संध्याकाळी सांगून निघायची. ती गेली की तनू आईला बुक्क्यांनी मारायची, आणि आम्रपाली दाराशी बसून मार खायची. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास संपत आला तेव्हा एकदा तनू मध्येच थांबली.

"तू पण जाणार?"

"उद्यापासून ऑफिसला जाईन. सहा वाजता येईन."

"खोटं," तनू म्हणाली, आणि तिनं पुन्हा मूठ आवळली.