आरशासमोर शहाणा घोटा

तेनचा डावा घोटा पुन्हा मुरगळला, तेव्हा नाखोन गावातल्या त्या पत्र्याच्या छपराखालच्या कोर्टवर कोणी फारसं हळहळलंसुद्धा नाही. सवयच झाली होती. ताक्रॉ म्हणजे पायांनी आणि डोक्याने खेळायचा व्हॉलीबॉल, आणि संघात सर्व्ह तिची. डावा पाय वर्तुळात रोवायचा आणि मैत्रीण सोमोने समोरून फेकलेला वेताचा चेंडू उजव्या पायाने डोक्यावरून हाणायचा. उजवा पाय नाव काढणारा, डावा नाव बुडवणारा.

"आता पुरे," प्रशिक्षक प्रासित म्हणाले; पोरी त्यांना क्रू, म्हणजे गुरुजी, म्हणत. माणूस तोंडाने फटकळ, पण पोरींवर जीव. "महिनाअखेर प्रांताचा संघ निवडायचाय. त्या दिवशी तू या पायावरून पडलीस, तर तुझ्याऐवजी सर्व्ह ती दुसरी पोर, बुसाबा, करेल. कायमची लंगडी झालीस तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

 रडण्याआधी तेनला प्रश्न पडला, आणि एकदा प्रश्न पडला की या पोरीला जेवण जात नसे. व्यायामात तिने कधी अंगचोरपणा केला नव्हता. पावलाला रबरी पट्टा अडकवून ते बाहेर ओढायचं, तांदळाची पिशवी पाठीवर घेऊन एका पायावर टाच उचलायची. पोटरी दगडासारखी झाली होती. व्यायाम शिकवणारी ओराथाई, सगळ्या पोरींची ‘पी’ म्हणजे ताई, दोन्ही हातांनी पाऊल दाबायची, तरी ते हलायचं नाही.

"एवढी ताकद कमावली, ती ऐन वेळी जाते कुठे?" तेनने विचारलं.

"जेवायला," सोमो म्हणाली. तिच्या स्वतःच्या तोंडात शेवयांचा बोकाणा होता. पपनसासारखी गोल, म्हणूनच तिचं नाव सोमो, म्हणजे पपनस.

"चेष्टा पुरे गं. तू समोर असतेस. पाय नक्की कधी वळतो? मारायच्या आधी, की नंतर?"

"मला काय ठाऊक? मी चेंडूकडे बघत असते."

तेनने बुसाबाला विचारलं. तीही चेंडूकडे बघत होती. क्रूंना विचारलं तर ते खेकसले, "मग काय तुझ्या नखांचा रंग बघत बसू?" म्हणजे आजवर हा पाय वळताना कोणी पाहिलाच नव्हता! आपलंच दुखणं, पण तेनला त्याची भलतीच गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने पी ओराथाईला वर्तुळाशेजारी चक्क पालथं झोपवलं.

"या वयात मला पाल केलीस," पी ओराथाई कुरकुरली. "चेंडू टाळक्यात बसला तर गाठ माझ्याशी आहे."

पण कुरकुरत का होईना, तिने बघितलं. मारताना पाय ठीक होता. मारून झाल्यावर उचललेली टाच खाली यायची, पाऊल बाहेरच्या कडेवर कलायचं आणि त्याला सावरायला पोटरीतली ताकद काही जागी व्हायची नाही.

"चल, व्यायाम करून दाखव," ती कपडे झटकत म्हणाली.

तेन सवयीने लांब आरशासमोर उभी राहिली. इथल्या पोरी लहानपणापासून त्याच आरशात आपला पाय किती उंच जातो ते बघत वाढलेल्या. ताकदीचे व्यायामही तिथेच. तेन डाव्या पायावर खांबासारखी उभी होती.

"कुठे बघतेयस?"

"घोट्याकडे. आणखी कुठे?"

"आता वर बघ. पत्र्याकडे."

तेनने मान वर केली आणि ती सरळ पी ओराथाईच्या अंगावर कोसळली. पुन्हा केलं. खाली बघितलं की खांब, वर बघितलं की धप्प. तेनला त्याचं एवढं नवल वाटलं की ती मुद्दाम पडत राहिली.

"तुझा घोटा डोळ्यांच्या जिवावर उभा आहे, बाई," पी ओराथाई म्हणाली. "डोळे चेंडूमागे गेले की तो पोरका. ताकद आहे, पण तिला हाक मारणारं कोणी नाही."

त्या दिवशी आरशावर जुनी चादर आली. "आरसा झाकून ताक्रॉ शिकलंय का कोणी?" क्रू पुटपुटले, पण त्यांनी ती काढली नाही. पट्टा तोच, पिशवी तीच. फक्त आता तेनने घडी केलेल्या चटईवर एका पायाने उभं राहायचं, टाच उचलायची आणि सोमोने फेकलेला चेंडू झेलायचा. सोमो हलकट, मुद्दाम वाकडे फेकायची. तेन रोज पडायची. पी ओराथाईने बजावलं होतं, "महिन्यात होईलच असं मी सांगणार नाही." तेनला मात्र एकच ध्यास लागला होता. हा पाय आपणहून सावरेल तो क्षण तिला पकडायचा होता, आतून कसा जाणवतो ते बघायचं होतं.

निवडीच्या दिवशी ती मनातून घाबरली होती. पलीकडच्या बाजूने बुसाबा झकास खेळत होती. गुण बरोबरीत आले. सोमोने चेंडू जरा मागे फेकला, तेन वाकडी होत उंच झेपावली आणि तिने तो हाणला. परत आलेला चेंडू तिने कपाळावर घेतला, सोमोने तो जाळ्यावरून पलीकडे आपटला, आणि कोर्टवर एकच कल्ला झाला.

"गुण कोणाला?" क्रूंनी शेजारी उभ्या पी ओराथाईला विचारलं.

"अहो क्रू, समोर तर आहात!"

"मी पाय बघत होतो," ते म्हणाले. मग घसा खाकरून ओरडले, "सर्व्ह तेन करेल! बुसाबा, तू राखीव."

सोमो धावत येऊन तेनच्या गळ्यात पडली. "वळला होता गं! पार कडेवर गेला होता, मी पाहिला! आणि आपला आपण परत आला!"

तेनने चमकून खाली आपल्या घोट्याकडे बघितलं.

"कधी?" तिने विचारलं.