अर्ध्या क्लचवरची गाडी

साहेब, तुम्ही त्या गाडीत बसलाच नाहीत. तपासणी केंद्राच्या खिडकीतून मान तिरकी करून पाहिलंत, चार चाकं दिसली, आणि 'चालवण्यास योग्य' असा शिक्का हाणलात. दार उघडून एकदा डावा पाय त्या पॅडलवर ठेवला असता, तर पुढचं सांगायची वेळ आली नसती. आता आलीच आहे, तर ऐका.

गाडी घेतली ती क्लचवालीच्या धाकट्या भावानं. वडिलांमागे त्यांचं गॅरेज ही बाईच चालवायची. पत्रा, रंग, इंजिन या भानगडीत ती पडत नसे. क्लच मात्र तिच्याकडेच यायचे. भाऊ सिनेमावेडा. लांब नाकाची, रुंद टायरांची, गुरगुरणारी गाडी पडद्यावर आली की हा खुर्चीत बसल्याबसल्या गिअर टाकायचा. आणि ही काळी गाडी तर खुद्द सिनेमातली. नायक ती तुटलेल्या पुलासमोर उभी करतो, अर्ध्या क्लचवर, म्हणजे पॅडल निम्मंच दाबून, धरून इंजिन रेस करतो, आणि मग झेप.

"उडाली ती हीच?" ताईनं विचारलं.

"उडाली ती दुसरी. ही जवळच्या शॉटपुरती. नुसती उभी होती."

"म्हणजे उड्या दुसरीनं मारल्या आणि मिरवणार ही. तुझ्याच वळणाची आहे."

"जळ तू."

"जळलाय तो क्लच. इथपर्यंत वास येतोय."

तिनं गिअरबॉक्स उतरवला. प्लेट रिबिटांपर्यंत खाल्लेली, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडलेले. जुन्या गाडीचा क्लच हातात आला की आधीचा चालवणारा घाबरट की उतावळा, हे ती सांगायची. या वेळी तिनं प्लेट दोनदा उलटसुलट करून पाहिली.

"हा कुठे गेलाच नाही रे. गिअरचे दात कोरे आहेत, आणि प्लेटचा पार भुगा. एका जागी उभा राहून वाट बघत होता."

"कसली?"

"कोणीतरी 'सोड' म्हणायची."

तिनं नवी प्लेट बसवली. वर पॅडलखाली मांजराच्या पट्ट्यातली घंटी बांधली. वडिलांनी दोघांना गाडी शिकवली ती अशीच. गिअर बदलताना घंटी वाजली तर ठीक. एरवी वाजली तर कान पिळला जायचा. क्लचवर पाय ठेवून चालवणारा माणूस त्यांना जेवणाच्या ताटात पाय ठेवणाऱ्यासारखा वाटे.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" भाऊ म्हणाला.

"ते क्लच सांगेल."

क्लचनं सांगितलं. थोड्याच दिवसांत प्लेट पुन्हा संपली.

"पाय ठेवून चालवतोस."

"तुझी शपथ, ताई. चालवताना घंटी गप्प असते. गाडी उभी केली की वाजते."

तिला ते धडधडीत खोटं वाटलं. तिनं जास्त ताकदीची प्रेशर प्लेट घातली. घसरतंय ना, मग आवळा. आयुष्यभर तिनं हेच केलं होतं. ते घसरतंय म्हणून काय अडून राहिलंय, हा विचार तिला शिवला नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती अंगणात स्टुलावर बसून डबा खात होती. गाडीला कुलूप, किल्ली तिच्या खिशात, भाऊ गावात टायर बघायला गेलेला. घंटी एकदा वाजली. मग बारीक, न थांबता थरथरू लागली. पॅडल अर्ध्यात धरून पोटरी भरून आली की पाय थरथरतो, तशी.

ती काचेशी गेली. पॅडल निम्मं खाली होतं. बॉनेट थंडगार. दार उघडून तिनं पॅडल खालून वर ढकललं. ते हललं नाही. रबर कोमट लागलं, नुकतीच चप्पल काढावी तसं.

उरलेला डबा तिनं कुत्र्याला घातला.

भाऊ परतला तो खुशीत. "आता कशी एकदम पकडते. उद्या सकाळी पुलावर नेतो." रस्त्याच्या टोकाला नवा पूल अर्धवट लटकत होता, तोंडाशी पिंपं लावलेली.

"कशाला?"

"फोटो काढायला. उभी करायची, धरून ठेवायची, आणि सांगितलं की सोडायची."

"कोणी सांगितलं की?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "मी काय म्हणालो?" बोलताना त्याची डावी टाच जमिनीवरून उचललेली होती. त्याला त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. घासलेला क्लच हीच त्या गाडीची बेडी होती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं तोडली होती.

किल्ली लपवून काही होणार नव्हतं. तारा जोडून गाडी चालू करायला भावाला तिनंच शिकवलं होतं. त्या संध्याकाळी तिनं असं काही केलं की वडिलांनी तिला दारात उभं केलं नसतं. गाडीखाली शिरून झाकण काढलं आणि नव्याकोऱ्या प्लेटवर इंजिन ऑइल ओतलं.

सकाळी ती उठण्याआधी भाऊ निघून गेलेला; तेलकट प्लेटवर रांगत का होईना, गाडी गेली होती. ती धावत पुलावर पोचली, तर पिंपं बाजूला सारलेली, गाडीचं नाक पोकळीकडे. इंजिन किंचाळत होतं, खालून पांढरा धूर येत होता. तिनं दार खेचून उघडलं. भावाचे हात स्टिअरिंगवर, नजर पुढे. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबलेला. डावा पाय मात्र खाली, जमिनीला सपाट, वडिलांनी शिकवला तसा.

घंटी थरथरत होती. मग पॅडल आपोआप वर आलं. घंटी एकदाच खणखणीत वाजली.

गाडी वीतभर सरकली. तेलात प्लेट घसरली, आणि चाकं थांबली. तिनं किल्ली फिरवली आणि भावाला बखोटीला धरून बाहेर ओढलं.

"थोडक्यात राहिलं," तो रडत म्हणाला. कोणाचं, ते त्याला सांगता येईना.

गाडी आता अंगणात आहे. बॅटरी काढलीय, गिअरबॉक्स काढलाय, क्लच भंगारात गेलाय. पॅडल कशालाच जोडलेलं नाही. दुपारी घंटी वाजते. भाऊ घास हातात धरून मान वर करतो आणि विचारतो, "ताई, सांगितलं का गं?" आणि उठून गाडीकडे निघतो. ती त्याच्या दंडाला धरून बसते. एक दिवस हात सुटेल.

साहेब, त्या शॉटसाठी आधीच्या चालवणाऱ्याला अर्ध्या क्लचवर कोणी उभं केलं? 'सोड' म्हणायला कोण विसरलं, आणि वाट बघता बघता त्याचं काय झालं? शिक्का तुमचा आहे, तेव्हा उत्तरही तुमचंच. आम्हाला देऊ नका. अंगणात या, दार उघडा, आणि त्याला द्या.