दोष हिंदीत, कौतुक मराठीत

“अंकलजी, मैं डिक्की में बैठकर देख लूँ?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि अंजनीला वाटलं, धूम पळत सुटावं. पण पळणार कुठे? एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई आणि समोर जुन्या गाड्यांचे व्यापारी शालिग्रामजी. त्यांच्या तोंडातली सुपारी चावायची थांबलीच. आईनं असे डोळे वटारले की बस.

पण पैज म्हणजे पैज. काल शाळेच्या हॉकी टीमच्या ग्रुपवर शिफानं लिहिलं होतं, ‘तू नहीं पूछ पाएगी, लिखके ले ले.’ त्यावर अंजनीनं ठोकून दिलं होतं, ‘पूछूँगी भी, बैठूँगी भी, और ढक्कन बंद करवाके अंदर से फोटो भेजूँगी!’ मागच्या वर्षापर्यंत हीच अंजनी वर्गात पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा शेजारणीला विचारायला लावायची. मग गेम्सच्या सरांनी तिला एकदा गोलमध्ये उभं केलं, समोरून सणसणत आलेला चेंडू तिनं पायानं असा उडवला की सगळं मैदान ओरडलं, आणि तेव्हापासून तिचा आवाज जो मोकळा झाला तो झालाच. आता घरात आईला टीव्हीचा आवाज वाढवावा लागत होता.

आणि डिक्की हा काही नुसता गंमतीचा विषय नव्हता. गाडी घ्यायची होती ती डिक्कीसाठीच.

गोलकीपरचं किट कोणी पाहिलं नसेल तर सांगायला हवं. हेल्मेट, छातीवरचं गार्ड, दोन्ही हातांचे जाडजूड ग्लोव्ह्ज, आणि पायांना बांधायचे पॅड, जे एकावर एक ठेवले तर पाहुण्यांना उशा म्हणून देता येतील. हे सगळं ज्या बॅगेत राहतं ती बॅग म्हणजे घरातलं चौथं माणूसच. बाबांच्या स्कूटरवर बाबा, अंजनी आणि बॅग असे तिघं मावत नसत. कोणीतरी एकानं उतरायला हवं होतं. अंजनी उतरली तर खेळणार कोण, बॅग उतरवली तर खेळणार कशानं, आणि बाबा उतरले तर स्कूटर चालवणार कोण?

आणि उद्यापासून राणीतालच्या मैदानावर डिव्हिजनच्या टीमचा कॅम्प सुरू होत होता. सकाळी सहाला हजर. सरांनी साफ सांगितलं होतं, “जो लड़की रोज़ अपनी किट लेकर आएगी, गोल में वही खड़ी होगी.” त्यांच्या गोरखपूर मोहल्ल्यातून राणीताल म्हणजे जबलपूरचं दुसरं टोक. “मी ऑटोनं जाते न,” असं अंजनीनं म्हणून पाहिलं होतं. त्यावर बाबांनी, म्हणजे फॅक्टरीतल्या दिवाकरबाबूंनी, पेपरातून मान वर न करता म्हटलं होतं, “डिसेंबरातल्या अंधारात? एकटी? काही गरज नाही. रविवारी गाडी घेऊन राहिलो आपण. सोमवारी मी सोडतो तुला.”

म्हणून हा रविवार. चेरीतालच्या पुढे रस्त्याला लागून मोकळ्या जागेत ओळीनं उभ्या गाड्या, आणि त्या ओळीत ही चंदेरी सेडान. लांब, रुबाबदार, आत मऊ सीटा.

“डॉक्टर साहब की गाड़ी है,” शालिग्रामजी म्हणाले होते. “घर से क्लिनिक, क्लिनिक से घर.”

जबलपुरातली प्रत्येक जुनी गाडी आधी कुठल्यातरी डॉक्टरसाहेबांचीच असते, हे अंजनीला तीन रविवारांत कळून चुकलं होतं. एवढे डॉक्टर असूनही गावात सर्दी कशी राहते, कोण जाणे.

तर खरेदीच्या बाबतीत या घराचा एक नियम होता. आईनं तो तिच्या आईकडून आणला होता, आणि आजीनं बहुधा नागपूर सोडून इकडे आल्यावर पहिल्याच आठवडी बाजारात शोधून काढला असावा. नियम असा: दोष हिंदीत काढायचा, कौतुक मराठीत करायचं. दुकानदाराला हिंदी कळते, म्हणून त्याच्या कानावर फक्त दोष पडले पाहिजेत. मनातलं मात्र बिनधास्त बोलायचं, मराठीत, त्याच्या नाकासमोर. पनागरहून आलेल्या कोबीपासून ते आत्याच्या लग्नातल्या शालूपर्यंत सगळं या नियमानं घरात आलं होतं.

आजही तेच चाललं होतं.

“टायर तो घिस गए हैं, भाईसाहब,” आई चेहरा कडू करून म्हणाली, आणि लगेच बाबांकडे वळून, तोच कडू चेहरा ठेवून, “अहो, काय सुंदर आहे हो! हीच घ्यायची. मला दुसरी पाहायचीच नाही.”

“सीट का कपड़ा भी पुराना लग रहा है,” बाबा म्हणाले. मग खोकल्यासारखं करून, “इंदू, इंजिनचा आवाज ऐकला? मांजर झोपल्यासारखा. सोडायची नाही. पण चेहऱ्यावर दाखवू नको.”

“मी कुठं दाखवून राहिली? तुम्हीच हसून राहिले.”

शालिग्रामजी दोन्ही हात पोटावर ठेवून ऐकत होते. ना त्यांनी टायरवर वाद घातला, ना कपड्यावर. भाव मात्र तसूभर हलवला नाही. “देख लीजिए, बाबूजी. आज तीन पार्टी और आने वाली हैं,” एवढंच म्हणाले.

“हा हलत काहून नाही?” बाबा मराठीत पुटपुटले.

“मुरलेला आहे,” आई म्हणाली. “अजून दोष काढा.”

आणि याच घोळात अंजनीनं डिक्कीचा प्रश्न विचारला होता.

“बैठो, बिटिया, बैठो!” शालिग्रामजी मोठ्यानं हसले. “ऐसी डिक्की है कि पूरी बारात आ जाए.”

“अंजनी!” आई म्हणाली.

“मम्मी, किट का नाप देखना है ना,” अंजनी म्हणाली. ती घरातही असंच हिंदीत उत्तर द्यायची. मराठी तिला सगळी कळायची, अगदी आई-बाबा तिच्यापासून लपवून कुजबुजायचे तीसुद्धा. बोलताना मात्र शब्द अडखळायचे. नागपूरची मावसभावंडं इतकी हसायची की तिनं नादच सोडला होता.

आई-बाबा पुढच्या सीटवर बसून, काचा वर करून गाडीतला एसी तपासायला लागले. डिसेंबरात एसी! अंजनी डिक्कीत शिरली. गुडघे पोटाशी घेतले. बॅग इथे आडवी, हेल्मेट तिथे कोपऱ्यात, वर स्टिक. सगळं मावत होतं. तिला डोळ्यांसमोर उद्याची सकाळ दिसली: धुक्यातून चंदेरी गाडी राणीतालच्या फाटकाशी थांबते, ती उतरते, डिक्की उघडते, आणि सगळ्या पोरी बघतच राहतात.

“अंकलजी, बंद कर दीजिए. एक मिनट.”

“डरोगी तो नहीं?”

“मैं गोलकीपर हूँ,” अंजनी म्हणाली. ढक्कन खाली आलं.

अंधार. पेट्रोलचा आणि जुन्या कापडाचा वास. खिशातून फोन काढून तिनं फोटो घेतला. फ्लॅश टाकायचा राहिला, म्हणून पुन्हा घ्यावा म्हणते, तर पडद्यावर काळ्याभोर अंधारात एक पांढरी रेघ. तिनं मान वळवली. खरंच होती. डाव्या कोपऱ्यात, दिव्याच्या खाली, उजेडाची बारीक, वाकडी रेघ. उजवीकडे मात्र मिट्ट काळोख. तिनं रेघेवरून बोट फिरवलं. पत्रा तिथे दुमडून पुन्हा सरळ केल्यासारखा खडबडीत होता, वरून जाड रंग थापलेला. बोटाला बाहेरची थंड हवा लागली.

गाडी मागून ठोकलेली होती. चांगलीच. घर ते क्लिनिक जाताना डॉक्टरसाहेबांना कोणीतरी जोरात भेटलं होतं.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. त्याच फटीतून शालिग्रामजींचा आवाज आत आला, आणि अंजनीनं कान फटीला लावला. कारण आवाज मराठीत बोलत होता. अशी खणखणीत मराठी तिच्या नागपूरच्या मामाचीसुद्धा नव्हती.

“हो बे, इथंच हावो. अबे, मराठीच लोकं हायेत. मायासमोरच एकमेकायले सांगून राहिले, गाडी लय आवडली, सोडाची नाही म्हनून. मी कायले सांगू, मले समजते म्हनून? माया मायचं गाव पांढुर्णा हाय, थे संत्र्याचं, हे का पाटीवर लिहू?” मग खो खो हसणं. “नाही, कमी कायले करतो? आजच नेतीन. पोरगी? पोरगी डिक्कीत हाय. थे तं हिंदीतच बोलते, तिले का समजते!”

तिले का समजते! अंधारात अंजनीचे कान गरम झाले. नागपूरची सगळी भावंडं एकदम हसल्यासारखं वाटलं.

ढक्कन उघडलं. उन्हानं डोळे दिपले.

“कैसी लगी, बिटिया?”

“बहुत बड़ी है,” अंजनी म्हणाली. खोटं नव्हतं ते.

आई-बाबाही उतरून मागे आले. बाबा इतके खूश होते की त्यांना चेहरा कडू करणं जमेना. “एसी ठंडा तो करता है, पर उतना नहीं,” ते कसंबसं म्हणाले, आणि मग मराठीत, “बर्फ आहे बर्फ! इंदू, याला हो म्हणून टाकू. पोरीचा कॅम्प आहे उद्या.”

हे शेवटचं वाक्य अंजनीला नको तिथे लागलं.

कारण गप्प बसणं फार सोपं होतं. रेघ केवढीशी! डावीकडे, कोपऱ्यात, दिव्याच्या खाली. आई-बाबा काही डिक्कीत शिरून ढक्कन लावून घेणार नव्हते. गाडी तर चालत होती. आज घरी, उद्या राणीतालला, आणि गोलमध्ये ती. बोलली तर पुन्हा पुढचा रविवार, पुन्हा कुठलेतरी डॉक्टरसाहेब, आणि तोवर गोलमध्ये दुसरीच कोणीतरी. तिनं बाबांकडे पाहिलं. ते गाडीच्या टपावरून हात फिरवत होते, हळूच, कोणी पाहत नाही असं समजून. या वेळी त्यांनी ना मामाला सोबत आणलं होतं, ना फॅक्टरीतल्या कोणाला. म्हणाले होते, मला पसंत करता येते.

फोन थरथरला. शिफा. ‘फोटो कहाँ है??? डर गई ना?’

डरणार? चेंडू अंगावर येतो तेव्हा बाजूला होणं सगळ्यांत सोपं असतं. तिथं उभं राहायचं म्हणूनच तर तिला गोलमध्ये ठेवलं होतं.

पण सांगायचं कोणत्या भाषेत? हिंदी त्याला येते, मराठीही येते. घराच्या गुपिताचं कुलूप उघडंच होतं आणि किल्ली शालिग्रामजींच्या खिशात. मग लपवायचंच कशाला?

अंजनी वळली शालिग्रामजींकडे.

“काका,” ती म्हणाली, मराठीत, “पांढुर्ण्याची संत्री आली का हो यंदा?”

शालिग्रामजींची सुपारी पुन्हा थांबली. आई “अगं, काय?” म्हणाली आणि बाबांचा टपावरचा हात जागच्या जागी थांबला.

“यांना मराठी समजते, आई. सगळी. तुमच्यापेक्षा चांगली. आणि मला पण समजते, काका.” शब्द अडखळत होते, पण ती थांबली नाही. “हा फोटो पाहा, बाबा. डिक्की बंद होती, तरी उजेड येऊन राहिला. इथून. हात लावून पाहा. गाडी मागून ठोकली होती, मग पत्रा सरळ करून रंग मारला.”

बाबांनी वाकून हात लावला. बराच वेळ लावून राहिले. आईचा चेहरा या वेळी खरोखरच कडू झाला होता, आणि तो लालही होत चालला होता, कारण ती मागचा सगळा तास मनातल्या मनात पुन्हा ऐकत होती.

“सगळं समजत होतं तुम्हाला?” तिनं विचारलं. “मांजराचं पण?”

“मांजराचं पन,” शालिग्रामजी खाली मान घालून म्हणाले. मग त्यांनाच हसू आलं. “बाई, माया मायनं पन असाच बाजार केला आयुष्यभर. म्हनून तं शिकलो.” त्यांनी डोकं खाजवलं. “ठोकली हाय थोडी मागून. पन गाडी चांगली हाय, साहेब. भावाचं पाहू ना आता. बसून बोलू.”

आणि बाबा क्षणभर थांबले. अंजनीला दिसलं, ते थांबले. त्यांची नजर गाडीवरून तिच्यावर आली, तिच्यावरून गाडीवर गेली. त्यांच्या मनात काय होतं ते तिला शब्दन् शब्द कळत होतं: उद्या, सहा वाजता, राणीताल.

“पोरीचा कॅम्प...” ते म्हणाले.

“नाही,” अंजनी म्हणाली. पाच गाड्या ओलांडून रस्त्यावरचा पेरूवाला वळून पाहील एवढ्या मोठ्यानं, आणि मराठीत. “आई, बाबा, ऐका. ही गाडी घ्यायची नाही. मला कॅम्पला सोडायचं म्हणून तर अजिबातच नाही. पुढच्या रविवारी दुसरी पाहू, मी प्रत्येकीच्या डिक्कीत बसून पाहीन. आणि उद्या मी ऑटोनं जाऊन राहिली. बॅगेला एक सीट, मला एक सीट. शिफा आपल्या गल्लीच्या तोंडाशी भेटेल, तीही रोज कॅम्पलाच जाणार आहे. मी ठरवलं. तुम्हाला फारच काळजी वाटली न बाबा, तर स्कूटर काढा आणि ऑटोच्या मागे मागे या. फक्त हॉर्न वाजवू नका.”