दाजींचं मत

माझ्या ताईचे यजमान सभागृहात निवडून गेले, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त मीच मिरवले. दवाखान्यात भेटेल त्याला सांगायचे, "ते आमचे दाजी." पुढे तेच सांगायची लाज वाटायला लागली. नदीपलीकडच्या देशाला लशींसाठी आपण जो निधी द्यायचो, तो बंद पाडण्यात दाजी सगळ्यांच्या पुढे होते. "आधी आपलं लेकरू, मग शेजाऱ्याचं" हे त्यांचं निवडणुकीतलं वाक्य. भिंतीभिंतीवर रंगवलेलं. ऐकायला इतकं बरं वाटायचं की आमची आईसुद्धा मान डोलवायची.

निधी थांबला, पलीकडची लस थांबली आणि तिकडं घटसर्प पसरला. घटसर्प म्हणजे काय हे आताच्या आयांना ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हेच बरं. पोराच्या घशात राखाडी, चामड्यासारखा पडदा धरतो. तो ओढायला जावं तर भळभळा रक्त येतं. मान सुजून गळा आणि खांदे एक होतात आणि पोर आपल्यासमोर गुदमरतं. नदीवर पूल होता. माणसं कामाला इकडून तिकडं जायची. आजारही त्याच पुलावरून आला आणि त्याला कुणी ओळखपत्र विचारलं नाही.

मी त्या वॉर्डात सिस्टर होते. उंच छत, हिरव्या रंगाच्या भिंती, फिनेलचा वास. जेवणानंतर पोरं जराशी निजली की आम्ही सगळ्या जणी खिडकीपाशी केस सोडून बसायचो आणि वॉर्डात माणूस मरत असताना सुद्धा हसायचो. त्या दुपारींची मला अजून आठवण येते, असं म्हटलं तर नाती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात.

निधी पुन्हा सुरू करायचा ठराव सभागृहात आला. दोन्ही बाजू सारख्याच होत्या. दाजी ज्या बाजूला हात वर करतील, त्या बाजूचं पारडं जड होणार. मोठ्या डॉक्टरांनी मतदानाच्या आदल्या दिवशी सभासदांना वॉर्ड बघायला बोलावलं. बाकीच्यांना कामं निघाली. दाजींना आणायचं माझ्या गळ्यात पडलं.

मी ताईकडे गेले. दाजी दाढी करत होते.

"मेव्हणीबाई, लोक दाजींना जेवायला बोलावतात. तुम्ही दवाखान्यात बोलावता?"

"जेवायलाही घालते. आमच्या खोलीतला चहा पिऊन दाखवा, मग तुमच्या पैलवानकीला मानते."

"जाऊ नका हो," ताई आतून म्हणाली. "ही रोज तिकडची घाण अंगावर घेऊन येते ती पुरे झाली."

"अगं, घाण काय म्हणतेस? पोरं आहेत ती."

"पोरंच! कुणाची, ते विचारते मी."

दाजींनी गालावरचा फेस पुसला. "येतो. पण मत बदलायला येत नाही हं. तुमच्या मनाला लागू नये म्हणून येतो."

मी म्हटलं, "बघायला तर या. डोळे उघडे ठेवून या, एवढंच."

आता पट्ट्यांचं सांगायला हवं. आमच्याकडे घटसर्पाचं विष मारणारं सीरम कमी पडत होतं. कुणाला आधी टोचायचं हे मोठे डॉक्टर सकाळच्या फेरीत ठरवत आणि ज्याची अवस्था सगळ्यांत वाईट, त्याच्या पलंगाच्या दांडीला आम्ही चिंधी बांधायचो. धावपळीत नाव-गाव कोण वाचतंय? चिंधी दिसली की सुई तिकडं. त्या चिंध्या जुन्या चादरींच्या, मळकट. आईबापांचं कधी लक्षही गेलं नव्हतं. पाहुणे येणार म्हणून मोठ्या डॉक्टरांनी नव्या लालभडक पट्ट्या आणवल्या. म्हणाले, "दारातून पाऊल आत टाकलं की एका नजरेत कळलं पाहिजे, किती पोरं काठावर आहेत."

कळलं. सगळ्यांनाच कळलं. पलीकडची पोरं पूल ओलांडून, गाड्या बदलत, अर्धमेली होऊन पोचायची. त्यामुळे लाल पट्ट्या बहुतेक त्यांच्याच पलंगांना. आमच्या लोकांनी त्याचा अर्थ सरळ लावला: लाल म्हणजे पलीकडचे, आणि औषध त्यांनाच.

दाजी आले तेव्हा वॉर्डाच्या दारात गर्दी होती. त्यात एक वेल्डर होता. दाजी निवडून आले तेव्हा ह्याच माणसानं त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. त्याची मुलगी आत होती. ताप उतरलेला, घसा मोकळा होत आलेला, म्हणून तिच्या पलंगाला पट्टी नव्हती.

"साहेब, बघा जरा," वेल्डर म्हणाला. "आमच्या पोरीच्या पलंगाला काहीच नाही आणि त्यांच्या पलंगांना कशी तोरणं बांधलीत."

"चौकशी करतो," दाजी म्हणाले.

ते पहिल्या पलंगापाशी थांबले. मोठे डॉक्टर सांगत होते, दाजी नाकाला रुमाल लावून ऐकत होते. त्याच वेळी समोरच्या रांगेत वेल्डरची मुलगी दूध प्यायला उठून बसली आणि पेल्यासकट खाली कोसळली. घटसर्पाचं विष घसा सोडून कधी कधी काळजावर बसतं. आम्ही धावलो, छाती दाबली, हाका मारल्या. काही उपयोग झाला नाही. फरशीवर दूध पसरलं होतं आणि त्यात तिची वेणी भिजत होती.

वेल्डर रडला नाही. त्यानं शेजारच्या पलंगाची लाल पट्टी ओरबाडून काढली, मुठीत धरली आणि दाराकडे वळून ओरडला, "हे बघा! माझी मेली आणि ह्यांची जगतायत!"

मग सगळे एकदम आत घुसले. त्याच्या कारखान्यातली माणसं, इतरांचे बाप, काही नुसतेच बघे. काचा फुटल्या. औषधांचं कपाट पाडलं, आणि उरलंसुरलं सीरम फरशीवर फुटून बुटांखाली गेलं. मोठ्या डॉक्टरांच्या तोंडावर कुणीतरी ट्रे मारला. दोन दात पडले. एका पलंगापाशी पलीकडची एक बाई पोराला अंगाखाली झाकून बसली होती. त्या पोराच्या गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवली होती. वेल्डरनं तिला केसांना धरून ओढलं.

"आधी आपलं लेकरू!" तो म्हणाला. मागच्यांनी ते उचललं. "आधी आपलं लेकरू! आधी आपलं लेकरू!" भिंतीवरचं वाक्य. आणि प्रत्येक शब्दाला एक लाथ.

मी दाजींकडे बघितलं. त्यांचा रुमाल खाली पडला होता.

"सोडा तिला!" ते ओरडले. "अरे, मी सांगतोय ना!"

"तुम्हीच सांगितलंत, साहेब!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि ते चिडून नाही, अगदी विश्वासानं.

दाजी मध्ये पडले. तरुणपणी कुस्त्या मारलेला माणूस. दोघांना उचलून फेकलं. मग सलाईनचा लोखंडी स्टँड त्यांच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बाईचं डोकं हात धुवायच्या बेसिनवर आदळलं. एकदा नाही. पलंग उलटा झाला, पोर माझ्या पायाशी येऊन पडलं आणि नळी निघून गेली.

मी खाली बसले. पोराच्या गळ्याच्या भोकातून रक्ताचे बुडबुडे येत होते. "दाजी, खांदे धरा! दाबून धरा!" ते गुडघ्यांवर आले, एका हातानं आणि हनुवटीनं पोराला दाबून धरलं. मागून त्यांच्या पाठीत लाथा बसत होत्या, दर लाथेला ते पुढं ढकलले जायचे आणि मी ओरडायचे, "हलू नका म्हटलं ना!" नळी आत गेली. शिट्टीसारखा आवाज झाला आणि पोरानं श्वास घेतला.

पोलीस आले. वेल्डरला नेताना तो एकच विचारत होता, "माझ्या पोरीला कुठं ठेवलंय? तिला थंडी लागेल." ती बाई दुपारी गेली. पोर वाचलं, पुढं त्याचे आजोबा येऊन त्याला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेले. दाजींचा हात गळ्यात अडकवलेला, डोळा सुजून मिटलेला. ताईनं मला दारातच अडवलं.

"झालं समाधान? आता घरात झोपू दे त्यांना."

"ताई, आज मतदान आहे."

"नवरा तुझा असता तर पाठवला असतास?"

"पाठवला असता."

"मग तू दगड आहेस," ताई म्हणाली.

आतून दाजी म्हणाले, "मला शर्ट घालायला कोण मदत करतंय?" दोघींपैकी कुणीच हललं नाही. शेवटी ताईच गेली. बाही चढवताना ती त्यांना शिव्या देत होती आणि डोळे पुसत होती.

मी सभागृहाच्या गॅलरीत बसले. दाजी बोलायला उभे राहिले तसा त्यांच्याच बाकांवरून गलका झाला. "मेव्हणीनं पढवलेला पोपट!" लोक हसले. दाजींना एरवी भाषण लोण्यासारखं जमायचं. त्या दिवशी शब्द अडखळत होते.

"ते वाक्य माझं आहे," ते म्हणाले. "काल ते म्हणत म्हणत एका बाईला ठार मारलं. ती बाई आपल्याकडे का आली? तिच्या दारात लस जात होती, ती आपण थांबवली. मी थांबवली. आणि आपलं लेकरू कुठं वाचलं? तेच आधी मेलं. आजार पलीकडेच संपवा. त्याला पैसे द्या. उपकार म्हणून देऊ नका, भीती वाटते म्हणून द्या. पण द्या."

त्यांच्याच पक्षाचा एक जण बाक ओलांडून आला आणि त्यानं त्यांच्या मोडक्या हाताला हिसका दिला. दाजी खाली बसले, पांढरे पडले, आणि चांगला हात वर केला. तो मतमोजणी संपेपर्यंत खाली घेतला नाही. ठराव मंजूर झाला.

संध्याकाळी ताईच्या घरावर दगड पडले. एक तिच्या कानावर बसला. त्या कानानं तिला पुन्हा ऐकू आलं नाही. पुढची निवडणूक दाजी हरले, आणि ते ताईनं देवाचे आभार मानून सांगितलं.

लशीच्या पहिल्या गाडीबरोबर मी गेले. दाजी ड्रायव्हरशेजारी बसले. "मला बघून मारणार नाहीत," ते म्हणाले. पुलाच्या अलीकडे जमलेल्यांनी त्यांना बघूनच दगड मारले. समोरची काच फुटून त्यांच्या मांडीवर आली. ड्रायव्हरनं सीटवरचे तुकडे हातानं झटकले, रक्त पँटला पुसलं आणि गाडी पुलावर घातली.

पलीकडेही माणसं उभी होती, आणि त्यांच्याही हातात दगड होते. पुढं एक म्हातारी होती. काखेत एक लहान पोरगी.

"आमची सून मारलीत," ती म्हणाली, "आणि आता सुया घेऊन आलात?"

दाजी खाली उतरले. तिनं त्यांच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. त्यांनी मान फिरवली नाही. मी डबा उघडला, सुई भरली आणि तशीच उभी राहिले.

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, सुईकडे बघितलं. मग पोरीचा दंड धरता यावा म्हणून हातातला दगड खाली टाकला.

"मी घट्ट धरते," ती म्हणाली. "तू टोच."