पितळी पाटीवरचं नाव

वेंडेलीन कुचेर्काला सगळं गाव ‘विमानवाला’ म्हणायचं. साखर कारखान्यात तो फिटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्या वयाचे बाकीचे लोक दारूच्या नाहीतर मधमाश्यांच्या नादी लागले. हा मात्र जुन्या दूध केंद्राच्या दोन खोल्या ग्रामपंचायतीकडून मागून घेऊन तिथे आपलं संग्रहालय थाटून बसला.

त्यातलं बहुतेक सामान गावातल्याच घराघरांतून आलेलं. विमानाच्या पत्र्यातून कापलेला कंगवा, दुधाची गाळणी, पॅराशूटच्या कापडाचं बाळाचं झबलं, आणि कोणाच्या तरी कोंबड्या तीस वर्षं जिच्यातून पाणी पीत होत्या ती प्राणवायूची टाकी, उभी कापलेली. प्रत्येक वस्तू मिळवायला त्याने दहा-दहा खेपा घातल्या होत्या. बायका चेष्टा करत, विमानवाला आला, भांडी लपवा. पण शेवटी देत.

कारण ते विमान गावाचं होतं. महायुद्धात, १९४४च्या ऑक्टोबरात, एक अमेरिकन बाँबर धूर सोडत थेट शाळेच्या रोखाने आला, अगदी शेवटी डावीकडे वळला आणि ओढ्यापलीकडच्या कुरणात कोसळला. आत एकच माणूस सापडला, ओळखू न येण्याइतका जळालेला. पाद्रीबाबांनी त्याला गावातच पुरलं. दोन वर्षांनी अमेरिकन लोक आले आणि कोणाशी काही न बोलता त्याला घेऊन गेले. वैमानिकाने स्वतः उडी न मारता पोरांना वाचवलं, असं शाळेच्या गुरुजींनी त्याच दिवशी सांगितलं होतं आणि तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी राहिलं. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत अमेरिकनांचं कौतुक मोठ्याने करायची सोय नव्हती, तेव्हाही लोक ते घरात सांगत. राजवट गेल्यावर वेंडेलीनने एका यादीतून विमानाच्या क्रमांकापुढचं वैमानिकाचं नाव शोधून काढलं, लॉइड हॅगर्टी, आणि पितळेच्या पाटीवर स्वतःच्या हाताने कोरून कुरणातल्या दगडावर बसवलं. तेव्हापासून दर ऑक्टोबरात तिथे समारंभ होई.

विमान पडल्याला पासष्ट वर्षं होत आली होती. त्या उन्हाळ्यात वेंडेलीनला कुरणाच्या दलदलीत इंजिनावरची छोटी पट्टी सापडली. तिचा क्रमांक जुळतो का, एवढंच विचारायला त्याने अमेरिकेतल्या दफ्तरखान्याला पत्र घातलं. सप्टेंबरात जाडजूड पाकीट आलं. कॅनडात राहून आलेल्या औषधवाल्या बाईंनी दुकान बंद करून ते त्याला वाचून दाखवलं. निम्म्यावर येऊन त्या थांबल्या. पुढचं वाचू ना, असं त्यांनी विचारलं. त्याने मान डोलावली.

त्या कागदांत लॉइड हॅगर्टीचा स्वतःचा जबाब होता. तो युद्धकैदेतून सुटून घरी गेला होता. दोन इंजिनं बंद पडल्यावर त्याने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं, विमान आपोआप सरळ उडत राहील अशी कळ दाबली आणि शेवटी स्वतः उडी घेतली. विमान त्यानंतर सहा-सात मिनिटं एकटंच उडत होतं. शेपटीत मशीनगनवर बसलेला पोरगा हाकेला ओ देत नव्हता, तो मेला असावा असं समजून त्याला तिथेच सोडावं लागलं. नाव अल्विन प्रुइट, वय एकोणीस, राहणार कॅन्सस.

म्हणजे विमान कोणी वळवलंच नव्हतं. उरलेल्या इंजिनांची ओढ एका बाजूला पडली आणि ते वळलं.

वेंडेलीनने ते पाकीट संग्रहालयाच्या कपाटात ठेवलं आणि अकरा दिवस कोणाकडे चकार शब्द काढला नाही. जेवण जाईना. बायकोला वाटलं, पित्त खवळलं. सरपंचांनी निमंत्रणं छापून वाटलीसुद्धा होती. गप्प बसला असता तर कोणाला कळणार नव्हतं. औषधवाल्या बाई तर त्या गावच्या नव्हत्याच. पण पाटी त्याच्या हातची होती. रोज सकाळी तो कुरणाकडे जाई, ती अक्षरं बघे आणि घरी परते.

बाराव्या दिवशी तो मार्गिता शेव्चिकोव्हाकडे गेला. त्या दिवशी शाळेच्या वर्गात असलेल्यांपैकी गावात आता ती एकटीच उरली होती. दरवर्षी दगडापाशी पहिला मान तिचा.

मार्गिता अंगणात आलुबुखारांचा मुरंबा आटवत होती. तांब्याच्या त्या मोठ्या हंड्यापासून क्षणभरही हलता येत नाही, नाहीतर तळाला लागतो. तिने त्याला बघितलं आणि सरळ हातात लाकडी उलथनं दिलं.

“घे. सकाळपासून खांदे भरून आलेत माझे. आणि तोंड असं का करून आलायस? कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं, मावशी. उलट एक जण जिवंत निघाला.”

ढवळता ढवळता त्याने सगळं सांगितलं. मान वर केली नाही. मार्गिता बाकावर बसून ऐकत होती.

“मग तो हॅगर्टी पुढे किती जगला?” तिने विचारलं.

“अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत. ट्रॅक्टर विकायचा म्हणे.”

“बरं झालं. पोरंबाळं झाली असतील.” मग ती म्हणाली, “आणि तो दुसरा शेपटीत होता म्हणतोस?”

“हो. अगदी मागच्या टोकाला.”

“काचेच्या घुमटात?”

वेंडेलीनचा हात थांबला. “तुला काय ठाऊक?”

“ढवळ, लागेल ते. मी बघितला होता त्याला.”

विमान शाळेच्या अगदी जवळून वळलं तेव्हा सगळी पोरं बाकाखाली शिरली होती. आठ वर्षांची मार्गिता तेवढी खिडकीत गोठून उभी राहिली. विमानाच्या मागच्या टोकाला काचेत तिला एक माणूस दिसला. तिने ते गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, वैमानिक पुढे बसतो, मागे नाही, खोटं बोलू नकोस, आणि तिला कोपऱ्यात उभं केलं. पोरं हसली. नंतर तिने ते कधी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पुढे पुढे तिलाच वाटायला लागलं, आपल्याला भास झाला असेल.

“तो हलत होता का, मावशी?” वेंडेलीनने अगदी हळू विचारलं. अकरा दिवस त्याची झोप उडवली होती ती याच प्रश्नाने.

“नाही. मान खाली होती. काचेला डोकं टेकून माणूस झोपतो ना, तसा.” तिने अ‍ॅप्रनच्या टोकाने डोळे पुसले. “त्याला काही कळलं नाही, वेंडो. तेवढं मी शपथेवर सांगते.”

तो उलथनं धरून रडला. तिने रडू दिलं, पण ढवळायला मात्र थांबू दिलं नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी त्याने सरपंचांना सांगितलं. सरपंच वैतागले. चांगली गोष्ट होती, तिचं वाटोळं कशाला करतोस, त्या पोराने तर काहीच केलं नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी कुरणात त्याने लोकांसमोर आपली चूक सांगितली. दोघं-तिघं पाठ फिरवून निघून गेले. मग मार्गिता पुढे झाली आणि तिने काय बघितलं होतं ते तीन-चार वाक्यांत सांगितलं. गुरुजींनी कोपऱ्यात उभं केलं होतं तेही सांगितलं. ती बोलत असताना कोणी जागचं हललं नाही.

अल्विन प्रुइटच्या नावाची नवी पाटी वेंडेलीनने हिवाळ्यात कोरली. जुनी त्याने वितळवली नाही. संग्रहालयात कंगव्याशेजारी मांडली आणि खाली लिहिलं, ‘ही चूक माझी. वें. कु.’

वेंडेलीनने दफ्तरखान्यामार्फत धाडलेल्या पत्राला मार्चमध्ये कॅन्ससहून अल्विनच्या धाकट्या बहिणीचं उत्तर आलं. वय ब्याऐंशी. ती विमानाचा तुकडा मागेल म्हणून वेंडेलीनने एक निवडून बाजूला ठेवला होता. तिने एवढंच विचारलं होतं, माझा भाऊ दोन वर्षं तुमच्या गावच्या मातीत होता, तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत होतं का.

ते पत्र घेऊन तो मार्गिताकडे गेला; ती दोन वर्षं आठवणारं गावात आता तीच होती. उत्तर लिहायला तिला तीन दिवस लागले. बंद पाकीट त्याच्या हातात देत ती म्हणाली, वाचू नकोस, आमचं बायकांचं आहे. त्याने ते औषधवाल्या बाईंकडे नेऊन दिलं, इंग्रजी होईपर्यंत दुकानाबाहेर थांबला आणि मग स्वतः पोस्टात टाकून आला.