लग्नाच्या सीडीवरचे ओरखडे

“घरात ल्हान पोरं हायत. खेळता खेळता घासली आसंल,” आण्णासाहेब म्हणाले.

शिवकन्येनं सीडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ रेषा गेल्या होत्या, एकीला लागून दुसरी. पोरांच्या हातून सीडीवर कसेही आडवेतिडवे ओरखडे उठतात. या रेषा कुणीतरी निवांत बसून, दाबून ओढलेल्या होत्या. पण ती तसं काही बोलली नाही. लोक सीडी आणून देताना जे सांगतात ते खोडून काढायची तिला सवय नव्हती.

“लग्नाची हाय व्हय?” तिनं विचारलं.

“पोरीच्या लग्नाची. जाईच्या.” आण्णासाहेब दारातच उभे होते. ढोकीजवळच्या गावातून एसटीनं कळंबला आले होते, हातात कापडी पिशवी होती. शिवकन्येनं खुर्ची पुढं केली तेव्हा ते टेकले. “तिची आई गेली गेल्या साली. परवा तिची ट्रंक काढली तर लुगड्यांच्या घडीत ही शिडी घावली. कव्हरवर तुमच्या मालकांच्या दुकानाचं नाव हुतं. तिथं गेलो तर ते म्हणले, घराकडं जा.”

“पाणी देऊ का?”

“नको ताई. घरी मिशीन हाय जुनं, त्याच्यात लावून बघितली. नुसतं निळं दिसूलालंय.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “फोटू हाय तिचा, भिंतीला लावलाय. पर आवाज कुठं न्हाय. मोबाईलवर रोज बोलायची, ते कुठं ऱ्हातंय व्हय? हिच्यात आसंल आवाज. हळदीला लई बोलत हुती, कुणाकुणावर वराडत हुती. तेवढा घावला तर बघा.”

शिवकन्येनं ‘बघते’ एवढंच सांगितलं. रविवारनंतर या म्हणाली. तिनं आजवर कुणालाच ‘होईल’ असं सांगितलेलं नव्हतं.

गुरुलिंगशी लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा त्याचं एसटी स्टँडजवळ सीडीचं दुकान होतं. सिनेमाच्या सीड्या भाड्यानं द्यायच्या आणि लगीनसराईत शूटिंग करायचं, असा दुहेरी धंदा. तिच्या स्वतःच्या लग्नाचं शूटिंग झालंच नाही. शूटिंगवालाच नवरदेव झाला, मग कॅमेरा धरणार कोण? भाड्यानं गेलेल्या सीड्या परत यायच्या त्या तेलकट बोटांचे ठसे घेऊन, कधी ट्रॅक्टरच्या टपावर आठवडाभर पडून. गुरुलिंग त्या कोपऱ्यात फेकायचा. शिवकन्येनं त्यातलीच एक उचलून साबणाच्या फेसानं धुतली, धोतराच्या जुन्या तुकड्यानं पुसली, आणि ती चालली. तिथून हे काम तिच्याकडे आलं ते राहिलंच. कोणत्या ओरखड्याला नुसतं पाणी पुरतं, कोणत्याला पांढरी टूथपेस्ट लागते, आणि कोणत्याला पितळेची भांडी उजळायचं पॉलिश, हे तिचं तिलाच समजत गेलं. गोल गोल घासलं की सीडी वाया जाते. भोकाकडून कडेकडे, सरळ हात चालवायचा. आणि वरच्या बाजूचा वर्ख एकदा उडाला की हात जोडायचे.

दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. सीडी मागायला तिथं कुणी येत नाही. घराकडे मात्र अजूनही अधूनमधून कुणी तरी येतं. कुणाचं बारसं असतं, कुणाचं शाळेतलं गॅदरिंग, तर कुणाच्या वडिलांचा सत्कार. ती धुऊन, पुसून, लावून बघते. अशी पुष्कळ माणसं तिनं आपल्या टीव्हीवर तरुण असताना पाहिली आहेत, आणि बाजारात भेटल्यावर ओळख दाखवलेली नाही.

आण्णासाहेबांच्या सीडीला दोन दुपारी गेल्या. रेषा खोल होत्या, पण सरळ होत्या, हेच बरं होतं. मशीन सरळ रेघ उडी मारून ओलांडतं. गोल रेघेत मात्र अडकून बसतं. ज्यानं कुणी ओढल्या त्याला ते माहीत नसावं. तिसऱ्या दिवशी तिनं सीडी लावली तेव्हा पडदा थोडा अडखळला आणि कमळ उमललं. कमळात नवरीचा चेहरा, मग चंद्रकोरीवर बसलेला नवरदेव, मग दोघांच्या भोवती फिरणारे बदाम. गुरुलिंगचं मिक्सिंग ती कुठंही ओळखू शकली असती.

हळदीच्या भागात एक ठेंगणी, अंगानं भरलेली बाई आली. पदर कमरेला खोचलेला, हातात पितळी तांब्या. कॅमेरा तिच्याकडे वळला तशी तिनं हात हलवून काही तरी म्हटलं. ओठ हलले. वर सिनेमाचं गाणं चाललं होतं.

शिवकन्येनं आवाज वाढवला. गाणं मोठं झालं.

तिनं पूर्ण सीडी पाहिली. ती बाई पाच-सहा ठिकाणी होती. एकदा आचाऱ्याला दम देत होती, एकदा कुणाच्या तरी पोराचं नाक पुसत होती, एकदा मांडवाच्या खांबाला टेकून क्षणभर उभी होती. सगळीकडे ती बोलत होती आणि सगळीकडे गाणं होतं. माणसाचा आवाज होता तो फक्त मंगलाष्टकांचा, आणि तो गुरुजींचा.

दुपारी गुरुलिंग जेवायला आला. तिनं ताट वाढलं आणि टीव्ही तसाच ठेवला.

“ढोकीकडच्या जाईचं लग्न. आठवतंय का?”

“किती लग्नं केली. कुठलं आठवायचं?” तो पडद्याकडे न बघता म्हणाला.

“ह्या बाईचा खरा आवाज कुठं न्हाय. नुसती गाणी.”

“तवा लोकांला गाणीच लागत हुती. मांडवातला कालवा कुणाला ऐकायचा असतो?”

“आन् मूळ टेप?”

“त्याच्यावर फुडचं लग्न काढलं आसंल. तसंच करायचो की आपण.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मग थोड्या वेळानं विचारलं, “कोण गेलं?”

“नवरीची आई.”

आता त्यानं मान वर केली. पडद्यावर ती बाई वाढप्याच्या हातातून पळी काढून घेत होती. गुरुलिंग बराच वेळ बघत राहिला.

“हिनं मला पंगतीत बसवलं हुतं,” तो म्हणाला. “शूटिंगवाल्याला कुणी इचारत नसतंय. सगळी उठल्यावर मिळंल ते खायचं. हिनं हात धरून बसवलं आन् वर उभारून वाढलं. काय बोलत हुती की, आता न्हाय आठवत.”

त्यानं हात धुतला आणि दुकानाकडे गेला.

शनिवारी दुपारी दारात स्कूटी थांबली. उतरली ती तिशी ओलांडलेली बाई, साधी सुती साडी, खांद्याला शाळेची पिशवी. शिवकन्येनं तिला लगेच ओळखलं. दोन-तीन दिवस ती तिला हळदीत बघत होती.

“काकू, मी जाई. आण्णांनी लग्नाची सीडी दिलीय तुमच्याकडं. झाली का?”

“झाली.”

जाई खुर्चीत बसली. बराच वेळ पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“झाली न्हाय म्हणून सांगता का त्यांना?”

शिवकन्येनं तिच्याकडे नीट पाहिलं. “तूच ओढल्या व्हय रेघा?”

“व्हय. कर्कटकानं. माघारी आले त्या वर्षी.” ती सरळ, शाळेत सांगावं तसं सांगत होती. “आई तेवढ्यात आत आली. काहीच बोलली न्हाय. हातातनं घेतली, पदरानं पुसली आन् कव्हरात घातली. मला वाटलं टाकून दिली आसंल. ट्रंकेत ठेवली हे मला आत्ता कळलं.”

“आण्णांला म्हाईत न्हाय?”

“न्हाय. त्यांना वाटतंय, भावाच्या पोरांनी घासली. पोरं बिचारी बोलणी खायलालीत.” तिनं बोटाभोवतीचा बंद सोडला. “काकू, ते रोज लावतील. सकाळ-संध्याकाळ लावतील. आईसाठीच लावतील, मला कळतंय. पर त्यो माणूस आमच्या घरात पुन्हा हिंडायचा. मी भाकरी करायले आन् मागं त्यो फेटा बांधून हसायला. मला न्हाय व्हायचं ते.”

माघारी का आलीस, हे शिवकन्येनं विचारलं नाही. तिनं उठून टीव्ही लावला.

“एक सांगते. हिच्यात तुझ्या आईचा आवाज न्हाईच. आमच्या मालकानं समद्यावर गाणी टाकलीत.”

जाईला आधी ते कळलं नाही. मग पडद्यावर तांब्या घेतलेली बाई आली, तिनं हात हलवला, आणि जाई खुर्चीतून पुढं झुकली.

“मला कशाला काढतूस, नवरीकडं जा की,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“आई म्हणूलालीय. मी बाजूलाच होते, पाटावर. हळद लागलेली, हलायची सोय नव्हती.” तिच्या चेहऱ्यावर हसू येऊ पाहत होतं. “आन् पुढं म्हणली, माझं तोंड काढून कॅमेरा बिघडंल.”

पुढच्याच क्षणी पडद्यावर नवरदेव घोड्यावरून उतरला. जाईनं मान खिडकीकडे फिरवली. शिवकन्येनं टीव्ही बंद केला.



“आईचं तेवढं बाजूला काढता येतंय,” शिवकन्या म्हणाली. “बाकीचं समदं वगळून. मालकांचा जुना काँप्युटर चालू हाय अजून. पेन ड्राइव्हवर घालून देत्याल ते. पर आण्णांला झाली न्हाय म्हणून मी न्हाय सांगणार. त्यांची आस हाय तिच्यावर.”

“मग बाकीचं कुठं गेलं म्हणून विचारतील.”

“विचारतील.”

जाईनं पिशवी खांद्याला लावली. दारापाशी जाऊन ती परत वळली.

“सांगते मीच,” ती म्हणाली.

गुरुलिंगनं रविवारी दुकान उघडलंच नाही. काँप्युटरवरची चादर काढून तो दिवसभर त्याच्यासमोर बसला. जाईच्या आईचे तुकडे त्यानं एकेक करून वेचले आणि त्यांच्यावरची गाणी पुसून टाकली. “आता काहीच ऐकू येत न्हाय,” तो म्हणाला, “पर दुसऱ्याचं तरी ऐकू येत न्हाय.” पंगतीचा भाग त्यानं दोन-तीनदा लावून पाहिला. शिवकन्या गहू निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

दोन दिवसांनी बाप आणि लेक एकत्र आले. आण्णासाहेबांनी धुतलेला सदरा घातला होता, टोपी नीट बसवली होती. खुर्चीत बसल्यावर ते शिवकन्येला म्हणाले,

“पोरीनं सांगितलं समदं. पोरांवर उगंच वराडलो मी.” मग जाईकडे न बघता म्हणाले, “म्याबी कधी इचारलं न्हवतं तिला. आली, ऱ्हायली, बरं झालं, एवढंच. तिच्या आईनं इचारलं आसंल.”

“आईनंबी न्हाय विचारलं,” जाई म्हणाली.

शिवकन्येनं ती मूळ सीडी कागदात गुंडाळून जाईच्या हातात दिली. जाईनं ती पिशवीत टाकली. तिचं ती काय करणार, हे कुणी विचारलं नाही. मग गुरुलिंगनं पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला.

तांब्या घेतलेली बाई आली. आता गाणं नव्हतं. आण्णासाहेबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

“काय म्हणूलालीय?”

“म्हणूलालीय, मला कशाला काढतूस, नवरीकडं जा की,” जाई म्हणाली.

“आन् आता?”

“आता आचाऱ्याला. भात लई मऊ केलास म्हणून.”

“व्हय. मऊ झालाच हुता,” आण्णासाहेब म्हणाले.

पंगत आली. जाई तिथं नव्हती, तिला सांगता आलं नाही. दाराशी उभा गुरुलिंग म्हणाला, “पोटभर खा, तुला काय कॅमेरा जेवू घालणार हाय का.” त्याला खरंच आठवलं होतं की त्यानं बनवलं होतं, ते शिवकन्येला ओळखता आलं नाही. आण्णासाहेबांनी मात्र मान हलवली. ती असंच बोलायची.

शेवटी मांडवाचा खांब आला. बाई खांबाला टेकून उभी होती. पलीकडून एक माणूस घाईनं आला, फेटा तिरका झालेला, दोन्ही हातांत नारळ. ते आण्णासाहेबच होते. ती त्यांच्याकडे वळून काही तरी बोलली. थोडंसंच, दोन शब्द असतील. ते तसेच पुढं निघून गेले. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि चित्र संपलं.

“आन् हितं?” आण्णासाहेबांनी विचारलं. “हितं काय म्हणली?”

जाईनं नकारार्थी मान हलवली. “मी आत होते आण्णा. साडी बदलायले.”

त्यांनी गुरुलिंगकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

“तवाबी ऐकलं न्हवतं म्या,” आण्णासाहेब म्हणाले. “लई घाई हुती.” मग जरा वेळानं, “परत लावता का तेवढं?”

गुरुलिंगनं परत लावलं. खांब आला, ती वळली, ओठ हलले, तो माणूस नारळ घेऊन निघून गेला. आण्णासाहेब उठले. खुर्ची उचलून त्यांनी टीव्हीच्या अगदी जवळ नेली, बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान वळवून कान पडद्याकडे केला.

स्वयंपाकघरात कुकर लावलेला होता, शिट्टी होण्याच्या बेतात. शिवकन्या पाय न वाजवता आत गेली आणि तिनं गॅस बंद केला.