सात कुलपांचं वजन

हळू चढा, घाई नको. मी मुलींच्या वसतिगृहातला वजनकाटा बोलतोय. आताशा माझी स्प्रिंग जरा कुरकुरते, पण काटा अजून शाबूत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या कारागिराने माझ्यावर वीस किलोचं माप ठेवलं आणि काटा बरोब्बर विसावर आल्यावर पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, कुणाची भीड ठेवू नकोस." ती आज्ञा मी जन्मभर पाळली. पहिली दहा वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काढली. तिथे माणसं आधी चपला काढायची, मग घड्याळ काढायची, मग श्वास रोखायची, आणि तरीही आकडा खाली आला नाही की दोष मलाच द्यायची. डॉक्टर निवृत्त झाले आणि माझी रवानगी इथे, जिन्याखालच्या कोपऱ्यात झाली.

इथली तऱ्हा उलटी. इथे सगळ्यांना आकडा वर हवा असतो. शाळा सुरू झाली की रेक्टरबाई प्रत्येकीचं वजन करतात, आणि हिवाळ्याच्या सुट्टीला सोडण्याआधी पुन्हा. दोन किलोंहून जास्त घट दिसली की घरी कळवतात. पोर जशी आली तशी परत गेली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे सुट्टीआधीच्या आठवड्यात मुली भातासाठी तिसऱ्यांदा ताट पुढे करतात. गंमतच आहे सगळी.

यंदा आठ नंबरच्या खोलीत एक नवी मुलगी आली. जेवताना नुसती चिवडत बसायची, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. आली तेव्हा चौतीस किलो भरली. तिची आई शिवणकाम करणारी, तोंडाने फटकळ. तिने माझ्यासमोरच बाईंना बजावलं की, पोर वाळली तर मी तिला घरी नेणार, शाळा आमच्या घराजवळही आहे.

आणि पोर वाळलीच. घरच्या आठवणीने तिला घास गिळवेना. रविवारी दुपारी सगळ्या खेळायला गेल्या की ती एकटी यायची, माझ्यावर उभी राहायची आणि माझ्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीने बारीक आकडा लिहायची. तेहतीस. एकतीस. तीस. मला फार वाईट वाटायचं. पण खोटं बोलणं माझ्या हाडात नाही, काय करणार?

खोलीतल्या मुली तारे बघायला स्वतःच दुर्बीण बनवत होत्या, त्या कामाला त्यांनी तिलाही जुंपलं. काचेचं भिंग हाताने घासायचं, रोज तासभर, सगळ्यांनी आळीपाळीने. हात दुखले की भूक लागते. चिमणी जेवायला लागली, हसायला लागली. भिंतीवरचे आकडेही चढू लागले. पण सुट्टी येऊन ठेपली तेव्हा ती साडेएकतीसवरच होती आणि भिंग अर्धंच झालं होतं.

खोलीतली एक वाद घालण्यात पटाईत, तिला सगळ्या वकिलीणबाई म्हणतात. तिने हिशेब मांडला. अडीच किलो कमी पडतायत, आपल्या ट्रंकांची सात पितळी कुलपं कोटात घातली की झालं. कुलपं तशी घातलीही. पण ऐन वेळी प्रत्येकीला कुलपं कमी पडतील अशी धाकधूक वाटली आणि एकमेकींना न सांगता एकीने डंबेल, दुसरीने पेपरवेट आणि तिसरीने चक्क शब्दकोश चिमणीच्या स्वेटरात कोंबला.

चिमणी खुळखुळत माझ्यावर चढली. माझा काटा थेट अडतिसावर गेला.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग शांतपणे तिला खिसे रिकामे करायला सांगितलं. एकेक वस्तू टेबलावर आली. शेवटी सात कुलपं ओळीने मांडली गेली आणि बाईंनी ती एकेक करून मोजली. ज्या वसतिगृहात साधी केसांची पिनसुद्धा कुलपात राहते, तिथे सुट्टीसाठी भरलेल्या ट्रंका वर उघड्या पडल्या होत्या.

"सगळ्यांच्या उघड्या?" बाईंनी विचारलं.

"हो बाई," वकिलीणबाई म्हणाली.

चिमणीचा बांध फुटला. "आईला सांगू नका. मला इथंच राहायचंय."

"खोटं मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पण खरं सांगायचं तर सगळं खरं सांगू."

तेव्हा चिमणीने मला दोन्ही हातांनी थोडं सरकवलं आणि बाईंना भिंत दाखवली.

आई न्यायला आली ती दुपारी. तिने आधी लेकीच्या कमरेशी हात नेला, फ्रॉक दोन बोटं सैल लागला आणि तिचा चेहरा उतरला. बाईंनी तिला कुलपांची हकीकत सांगितली, मग भिंतीपाशी आणलं. आई खाली बसली. शिवण तपासावी तसं तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. तिसापर्यंत बोट खाली खाली गेलं आणि तिथे थांबलं. मग साडेतीस, एकतीस, साडेएकतीस. तिने डोळे पुसले.

"फ्रॉक मी आत घेणार नाही," ती म्हणाली. "सुट्टीनंतर तो अंगात नीट बसायला हवा. मी स्वतः सोडायला येईन, आणि वजन ह्याच काट्यावर करायचं."

आता वसतिगृह रिकामं आहे. समोर नव्या, आकडे उजळणाऱ्या काट्याचं खोकं येऊन पडलंय. तो येऊ दे, माझी तक्रार नाही. भिंतींना रंग द्यायचं काम सुरू आहे. माझ्यामागची वीतभर भिंत सोडायला बाईंनी रंगाऱ्याला बजावलंय. मला अडगळीत न्यायला येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, शाळा उघडेपर्यंत थांबा. मला अजून एक वजन करायचंय, आणि त्या दिवशी कुलपं ट्रंकांना लागलेली असतील.